फ्रीज रिकामा करून जावे

शनिवार, संध्याकाळ

ही वही मुलीने दिली. "बाबा, तुम्ही फार बोलता," म्हणाली, "आठवडाभर निम्मं तोंडाने बोला आणि निम्मं यात लिहा. आईला जरा उसंत मिळेल." पोरीचं लग्न झालं, तिला पोर झालं, तरी बापाला शहाणपण शिकवायची हौस फिटत नाही. पण लिहितो. या आठवड्यात कोणी डोक्यावर उभं राहायला सांगितलं असतं तरी राहिलो असतो.

कारण सरळच सांगतो. माझ्या बायकोला वेगळं राहायचं आहे. भांडण नाही, आदळआपट नाही. मागच्या थंडीत एकदा सकाळी न्याहारीला बसलो असताना म्हणाली, मला वाटतं मी आता वेगळी राहीन. मी म्हटलं, बरं, जरा मीठ सरकव. मला वाटलं चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नाही हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. महिन्याभराने पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस, आपण आठवडाभर कुठेतरी जाऊ, नवं शहर बघू, मग काय ते ठरव. तिने जरा विचार केला आणि हो म्हणाली. शहर तिनेच निवडलं. राहायची जागाही तिनेच शोधली, मला फक्त फोटो दाखवले. याचा अर्थ मी असा घेतो की अजून सगळं हातचं गेलेलं नाही. जिला सोडून जायचं आहे ती नवऱ्यासाठी फ्लॅट कशाला शोधेल?

जागा म्हणाल तर मासिकातून कापून आणल्यासारखी. पांढऱ्या दगडाचा ओटा, काळ्या बशा, छतापासून लांब वायरीला लोंबणारे दिवे, पलंगावर उशांची रास. झोपायच्या आधी त्या उशा कुठे ठेवायच्या हे कोणी सांगत नाही. न्हाणीघराला काचेची भिंत, म्हणजे आत गेलेल्याने लाजेने मरायचं. कपाटांना, खणांना कुठे मूठ नाही. दाबलं की उघडतं, पण कुठे दाबायचं ते ज्याचं त्याने शोधायचं. कॉफीचं यंत्र आहे, चार तऱ्हेचे पेले आहेत, लिंबू पिळायचं उभं भांडं आहे, आणि मीठ नाही. एवढं थाटाचं स्वयंपाकघर मांडणाऱ्याला मीठ सुचलं नाही. माझं काही अडलं नाही म्हणा, मिठाची पुडी माझ्या बॅगेत असतेच. मी आचारी माणूस.

फ्रीजच्या दारावर नियमांचा कागद आहे. शेवटचा नियम असा: जाताना फ्रीज रिकामा करून जावे, मागे राहिलेले अन्न टाकून दिले जाईल. तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, हो, तसंच करावं लागतं.

रविवार, दुपार

माझा बेत असा आहे. एकही दिवस बाहेर जेवायचं नाही. रोज मी करणार आणि ती बसून खाणार. कारखान्याच्या कँटीनचा मी मुख्य आचारी. तीनशे माणसं माझ्या हातचं जेवतात आणि बोटं चाटतात. ज्या माणसाला तीनशे लोकांची मनं राखता येतात त्याला एका बायकोचं मन वळवता येऊ नये?

आज भात, डाळ आणि बटाट्याची भाजी केली. शेगडी म्हणजे नुसती काच. भांडं जरा सरकलं की शिट्टी घालते आणि विझते, शिकाऊ पोऱ्यासारखी रुसते. पण खरी अडचण शेगडीची नव्हती. माझ्या हाताला दोन माणसं कळत नाहीत. तांदूळ ओतताना मूठ आपोआप मोठी होते, डाळीत पाणी घालताना हात थांबतच नाही. पातेलं काठोकाठ भरलं तेव्हा भानावर आलो. सगळा मजला जेवला असता.

ती थोडंसं जेवली. चांगलं झालंय म्हणाली. मग उरलेलं सगळं डब्यांत भरून फ्रीजमध्ये लावलं. ओट्यावर डाळ सांडली होती, ती पळत येऊन पुसली. हा दगड डाग धरतो, म्हणाली, लगेच पुसायला हवं. कुठला खण कुठे दाबला की उघडतो तेही तिला पहिल्या दिवसापासून पाठ. मी अजून भिंती चाचपडतोय. इस्त्री कुठे, जादा पांघरूण कुठे, पाण्याचा मुख्य नळ कुठे, सगळं ठाऊक. मला बरं वाटलं. बाईमाणूस जागेत जीव गुंतवतं ते राहायचं असतं तिथेच, आणि इथे तर मी तिच्यासोबत आहे.

मंगळवार, दुपार

काल लिहिलं नाही. काल शहर बघितलं. नदीवरचा पूल, जुन्या चित्रांचं संग्रहालय, एक बाग. मी दिवसभर बोलत होतो. आमच्या लग्नात आचाऱ्याने भात करपवला होता ते, मुलगी लहानपणी पिठाच्या डब्यात बसली होती ते, कँटीनमध्ये एकदा संप होता होता कसा टळला ते. ती ऐकत होती. एका बाकावर बसलो तेव्हा म्हणाली, "तुम्हाला मला काही विचारायचं नाही का?" मी म्हटलं, विचारायचंय ना, रात्री काय करू, भाजी की अंडी? ती बाकावरून उठली. मग म्हणाली, अंडी.

पण आज जे झालं ते लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

रोज सकाळी ती खाली जाते. पाय मोकळे करून येते, म्हणते. मला वाटायचं खालच्या बेकरीत पाव आणायला जात असेल. पाव येतो, पण त्याला इतका वेळ लागत नाही. आज मी दुधाच्या निमित्ताने मागोमाग उतरलो. खालच्या दालनात ती उभी होती. शेजारी या इमारतीची देखभाल करणारी बाई, जाड चष्मा आणि गुडघ्याला पट्टा, चादरी बदलायला येते तीच. आणि समोर एक माणूस. कडक इस्त्रीचा शर्ट, कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा. त्याने माझ्या बायकोला विचारलं, "मग, जमेल ना?" आणि ती म्हणाली, "जमेल."

तेवढ्यात तिने मला पाहिलं. किल्ल्यावाला मान हलवून निघून गेला. मी विचारलं, कोण हा? तर म्हणाली, या सगळ्या फ्लॅटचं काम बघतात ते. काय जमेल? तर म्हणाली, सांगेन.

सांगेन म्हणे. जमेल म्हणजे काय जमेल? इतकी वर्षं माझ्याकडे बघून तिने कधी असं ताठ मानेने जमेल म्हटलं नव्हतं.

बुधवार

आज तिचं हसणं ऐकलं. जिन्यात, वरच्या मजल्यावर. मोठ्याने, मोकळं. मी दार उघडून उभा राहिलो. ते हसणं मी आमच्या घरात शेवटचं कधी ऐकलं ते आठवेना.

ती खाली आली तेव्हा कपाळावर घाम होता आणि केस सुटलेले. कुठे होतीस विचारायची हिंमत झाली नाही. मी तिला सूप वाढलं. तिने अर्धं घेतलं. बाकीचं पुन्हा डब्यात. फ्रीजमध्ये आता जागा नाही.

माझं वय झालं, पोट सुटलं, अंगाला कांद्याचा वास येतो तो साबणाने जात नाही. त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा. मला रडू येतंय आणि या घरात रडायलाही जागा नाही, न्हाणीघराची भिंत काचेची.

गुरुवार, दुपार

सगळं कळलं. क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणंच जमणार नाही.

सकाळी ती गेली. मी मनात ठरवलं होतं की आज सोक्षमोक्ष लावायचा. किल्ल्यावाल्याची गचांडी धरायची, मग पुढचं पुढे. जिना चढून वर गेलो. वरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं. आतून पुन्हा तिचा आवाज.

आत माझी बायको आणि चष्मेवाली बाई पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. दोघींच्या हातात चादरीची टोकं. बाई म्हणाली, उचल, आणि दोघींनी चादर हवेत फेकली, ती फुगून पलंगावर बसली. बाई कोपरा खोचायला वाकली, गुडघा धरला आणि म्हणाली, आता हे तुझं तू, माझे गुडघे सुटले. दोघी हसल्या. बायकोच्या अंगावर राखाडी रंगाचा लांब एप्रन होता, इमारतीचं नाव छापलेला. तिला अगदी नीट बसला होता, तिच्या मापानेच आणलेला.

मी विचारलं, "तू इथे काय करतेस?"

"काम शिकतेय," ती म्हणाली.

किल्ल्यावाला न्हाणीघरात नळ दुरुस्त करत बसला होता. तो गुडघ्यावरून उठला, मला नमस्कार केला आणि पाना घेऊन बाहेर गेला. गचांडी धरायला आलेला मी, त्याला वाट द्यायला बाजूला झालो.

मग तिने एप्रन काढून त्याची घडी घातली आणि मला म्हणाली, चला, दाखवते. तळमजल्यावर जिन्याच्या मागे एक दार आहे. त्याला मूठ आहे. आत एक खोली. एक पलंग, एक खुर्ची, एकाच भांड्याची शेगडी, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. खिडकीत एक नवा निळा कप होता. चष्मेवाली बाई उद्या लेकाकडे राहायला जाते आहे. तिचं काम आणि ही खोली आता माझ्या बायकोची. ती आधी एकदा एकटीच येऊन सगळं बोलून गेली होती, मुलीकडे चार दिवस जाते म्हणून सांगितलं होतं तेव्हा. आता या आठवड्यात सकाळी काम शिकायचं ठरलं होतं, आणि मी नेमका तेव्हाच कुठेतरी जाऊ म्हणालो होतो.

मी म्हटलं, मग मला कशाला आणलंस?

"तुम्ही बघावं म्हणून. मी कुठे असेन ते. मला वाटलं तुम्ही विचाराल, आणि मी सांगेन. मी रोज वाट बघत होते."

मी खोलीभर बघितलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दोघं मावणार नाहीत इथे."

"हो," ती म्हणाली.

मग मी बोलत सुटलो. काय कमी केलं मी तुला? कधी हात उगारला नाही, कधी दारू नाही. लग्न झाल्यापासून तुला चुलीशी घाम गाळू दिला नाही, रोज संध्याकाळी कँटीनचा डबा घरी आणला, गरम. शेजारच्या बायका तुझा हेवा करायच्या. हे सगळं खरं आहे, मी एक शब्दही वाढवून बोललो नाही.

ती खुर्चीवर बसली होती. शांतपणे म्हणाली, "तीनशे लोकांचं जेवून झाल्यावर जे उरायचं ते तुम्ही आणायचात. सकाळी केलेलं, संध्याकाळी उरलेलं. मी बरी की वाईट, आज काय खावंसं वाटतंय, ते तुम्हाला कधी माहीत नव्हतं. उरलं काय ते माहीत असायचं."

मी म्हटलं, म्हणून या आठवड्यात केलं ना सगळं ताजं. फक्त तुझ्यासाठी.

"फ्रीज बघा," ती म्हणाली.

शुक्रवार

मुलीला फोन केला. तिला माहीत होतं. वही का दिली ते आता कळतंय. मी तिला म्हटलं, तू आईला समजाव. ती म्हणाली, बाबा, मी आईला नाही समजावणार. मग रडली. मीही रडलो. फोनवर दोघंही नाक ओढत बसलो होतो.

बायकोला सकाळी हात जोडले. म्हटलं, नोकरी सोडतो, इथे येतो, बेकरीत काम मागतो, खालच्या खोलीत जमिनीवर झोपतो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझा हात धरला, जोडलेले हात सोडवले आणि कामाला गेली. आजपासून ती खालच्या खोलीत झोपेल. तिची पिशवी मीच खाली नेऊन दिली. दुसरं काय करणार होतो.

दुपारी स्वयंपाक करवला नाही. फ्रीजमधला रविवारचा भात आणि डाळ काढून गरम केली. खायला बसलो. भाताची शितं कडक झाली होती आणि डाळीला फ्रीजचा वास लागला होता. चार घास खाल्ले, पाचवा जाईना. तेव्हा लक्षात आलं की मी कँटीनमध्ये नेहमी पहिल्या पंगतीला जेवतो, पातेल्यातून, वाफ येत असताना. उरलेलं मी कधीच खाल्लेलं नाही. ती काय जेवायची ते मला आजवर चवीने माहीत नव्हतं.

तो डबा आणि बाकीचे सगळे टाकून दिले.

शनिवार, सकाळ

फ्लॅट सोडायचा आहे. जागा साफ करायला तीच येणार, हे मला सकाळी उठल्या उठल्या आठवलं. मी खालून तिच्या दारावरून जाईन, आणि मग ती वर येऊन माझी चादर काढेल, माझे केस मोरीच्या जाळीतून काढेल.

तसं होऊ द्यायचं नाही म्हणून उठलो. आधी बॅग भरली, म्हणजे मन मागे फिरायला नको. मग कामाला लागलो. चादरी काढून घड्या घातल्या, उशा रांगेत लावल्या. काचेची भिंत वर्तमानपत्राने पुसली. ओटा असा घासला की आमच्या कँटीनमध्ये तपासणीच्या दिवशीही घासला जात नाही. आमच्या घरात मी कधी कप विसळला नाही, कामावर एवढं केल्यावर घरी कोण करतं. आज सगळं केलं. खण उघडायचेही जमले, हाताचा तळवा सपाट लावून हलकेच ढकलायचं असतं, बोटांनी टोचायचं नसतं. आठवडा गेला तेव्हा कळलं.

फ्रीज रिकामा, पुसलेला, लख्ख. त्याच्याकडे बघवेना.

मग मी मसूर आणि तांदूळ काढले. बेत काही नव्हता, हात आपोआप गेले. चमचा घेतला, मूठ वापरली नाही. चमच्याने तांदूळ मोजले, परत थोडे काढले, पुन्हा एक चमचा घातला. कामावर लागलेल्या पहिल्या दिवशीही मी इतका घाबरलो नव्हतो. ती किती खाते हे आठवायला लागलो. डावभर डाळ घेते, दुसऱ्यांदा अर्धा डाव, भात दोनदा पण थोडा थोडा, वर लिंबू. हे मला माहीत होतं. कुठेतरी बघितलेलं होतं आणि साठलेलं होतं. मंद आचेवर ठेवलं, शेगडीने एकदाही शिट्टी घातली नाही. चव बघितली नाही. तिच्या वाटणीतला एक चमचासुद्धा कमी करायचा नव्हता.

एका माणसाचं झालं. आयुष्यात पहिल्यांदा. डबा भरला तर बरोबर गळ्याशी आला. मधल्या फळीवर ठेवला, शेजारी अर्धं लिंबू.

दार लावताना पुन्हा तो कागद. मागे राहिलेले अन्न टाकून दिले जाईल. नियम आहे आणि ती नव्या नोकरीवर आहे, ती नियम पाळेल. तिला वाटेल, जाता जाताही ह्यांनी उरलेलंच ठेवलं. चिठ्ठी लिहायला घेतली की हे उरलेलं नाही, तुझ्यासाठीच केलं आहे. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. मी फार बोलतो.

किल्ली खालच्या पेटीत टाकली. तिच्या दाराची मूठ धरली नाही. आत कपबशीचा आवाज येत होता.

शनिवार, दुपार, बसस्थानक

बसला वेळ आहे. बाकावर बसलोय. शेजारचा म्हातारा मघापासून माझ्याकडे बघतोय, मी डोळे पुसतोय म्हणून असेल. बघू दे.

ती सकाळीच वर गेली असेल. आधी खिडक्या उघडते, मग पलंग, मग न्हाणीघर, फ्रीज सगळ्यात शेवटी. चष्मेवालीने तसंच शिकवलंय. पिशवीत डबा उलटा करायला एक क्षण लागतो. मी स्वतः काल तेच केलं.

घरी जाऊन काय करायचं मला माहीत नाही. संध्याकाळी डबा कोणासाठी आणायचा? दार कोणी उघडायचं? मला एकट्याला राहता येत नाही, हे तिला मी कधी सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

थांबतो, मुलीचा फोन येतोय.

ठेवला आत्ता. तिने आधी विचारलं, बस मिळाली का, पाणी घेतलं का. मग म्हणाली, आईचा फोन आला होता. मी विचारलं, काय म्हणाली. "ती विचारत होती, बाबांनी डाळीत मीठ घातलं नव्हतं का."

मी तिथल्या तिथे बॅग उघडली. मिठाची पुडी वरच होती. सकाळी स्वयंपाकाआधी मीच भरली होती. इतक्या वर्षांत, तीनशे पानांना, माझं मीठ कधी चुकलं नाही. आणि तिला अळणी वाढलं. तिच्या त्या खोलीत तरी मीठ आहे का, तेही मी बघितलं नव्हतं. पोरीला म्हटलं, आईला सांग, टाकून दे, नियमच आहे तसा.

पोरगी म्हणाली, टाकायचं काय, तिने जेवूनच फोन केला होता. तशीच जेवली, लिंबू पिळून, खिडकीत बसून.

मी विचारलं, उरलं किती?

म्हणाली, उरलं नाही काही.